खेळाची तारीख आणि हजार एक मण

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, ते आधीच सांगून टाकते. अक्षरही वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर हातात पेन यायचं ते दुकानाच्या मालाची यादी लिहायला. त्यामुळे गहू, साखर, मूगडाळ हे शब्द नीट येतात, बाकीचे वाकडे पडतात. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. खाणावळीच्या हजेरीची वही आहे, मागची चाळीस पानं कोरी राहिली होती.

लिहायचं आहे ते एका कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल. मी तो कधी खेळले नाही. पण एक पावसाळा आणि एक हिवाळा, तो खेळ कधी येणार याची जेवढी काळजी मला होती तेवढी तो खेळणाऱ्या मुलांनाही नसेल. माझं कारण वेगळं होतं, ते मुलांना माहीत नव्हतं.

माझं माहेर जुन्नर, सासर अवसरी खुर्द. आम्ही जैन. आमचे लोक मूळ मारवाडातले, पण इकडे येऊन चार पिढ्या झाल्या, घरात मराठीच बोलतो. पुढे ह्यांचं किराणा दुकान आणि मागे घर. गावाजवळ सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आलं तशी बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहायला लागली. त्यातला एक उंच मुलगा राजस्थानातून आलेला. एक दिवस दुकानात येऊन ह्यांना म्हणाला, "काकाजी, पंधरा दिवस झाले, मी नुसती बिस्किटं खातोय. बिनकांद्या-लसणाचं जेवण इथे कुठे मिळेल?"

हे आत येऊन मला म्हणाले, "उद्यापासून एक ताट जास्तीचं कर."

एका ताटाची पाच ताटं झाली. बाकीचे चार काही जैन नव्हते. फुलक्याला तूप असतं आणि पैसे कमी लागतात म्हणून आले. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. थंडीत तर प्रॅक्टिकल संपवून मुलं अक्षरशः पळत यायची. एक जण लोणी गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, आमच्या बराखीत माणूस बसंल येवढा कांदा पडलाय, आन् मी हितं बिनकांद्याची भाजी खातोय. बापाला कळलं तर घरात घ्यायचा न्हाई." हे बोलणं पडवीत, जेवताना. मी आत हसले. तिसरा चष्मेवाला, पुण्याचा. उरलेले दोघे खाली मान घालून जेवायचे, बोलण्यात नसायचेच.

मी लाजाळू. लग्नानंतर दोन वर्षं शेजारणीने माझा आवाज ऐकला नव्हता, यावरून समजावं. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये एक खिडकी आहे. ताटं मी त्या खिडकीतून द्यायची, मुलं उचलून घ्यायची. फुलका हवा असला की खिडकीच्या कडेवर दोन बोटं वाजवायची, ही आमची पद्धत पडली. बोलायची गरज नव्हती. पण कान उघडे असायचे.

चष्मेवाला दर महिन्याला मंचरच्या एसटी स्टँडवरून एक इंग्रजी मासिक आणायचा. त्यात अजून बाजारात न आलेल्या खेळांबद्दल लिहून यायचं. त्याला ही मुलं प्रिव्ह्यू म्हणायची. एका हाताने फुलका मोडत तो मराठीतून सांगायचा आणि बाकीचे तुटून पडायचे.

"या खेळाच्या कंपनीने लिहिणाऱ्याला विमानाचं तिकीट पाठवून बोलावलं. हॉटेलात ठेवलं. चार तास खेळू दिला. तो लिहितोय की असं जग आजवर कोणी केलेलं नाही."

"फुकट इमानात बसवल्याव मी बी तसंच लिहीन," लोणीचा म्हणाला.

"पुढे ऐक तरी. गावात शिरताना घोडा दगडात अडकतो म्हणे. पण कंपनीने सांगितलंय, दिवाळीपर्यंत दुरुस्त होईल."

"घोडा अडाकतोय आन् म्हणं जग केलं! कंच्या दिवाळीपातुर, त्ये बी इचार त्याला."

उंच मुलगा म्हणायचा, "त्याला चार तासच दिले, त्यातले दोन तास पहिल्या गावात गेले. उरलेला खेळ कसा आहे ते त्याला तरी कुठे माहीत?"

मला हे मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखं वाटायचं. मला बघायला आले तेव्हा पोहे मावशीने केले होते, साडी वहिनीची होती, आणि भिंतीवरचं भरतकाम शेजारणीचं होतं. पाहुणे पोह्यांची तारीफ करत गेले. पुढे घरात आल्यावर मग खरी मी. प्रिव्ह्यू लिहिणारा तसाच पाहुणा, असं मी मनात ठरवलं होतं. लोणीच्या मुलाचं म्हणणं मला पटायचं, पण चष्मेवाल्याची आशा बघून त्याच्या ताटात तूप जास्त पडायचं.

खेळ कसला, तेही हळूहळू कळलं. त्यात आपण एक माणूस व्हायचं. सरदार व्हा, वैद्य व्हा, वाण्याच्या पोटचा भटक्या व्हा. सुरुवातीला गुण वाटून मिळतात, थोडे ताकदीला, थोडे बोलण्याला, थोडे आणखी कशाला. मग त्या माणसाने दुसऱ्या जगात फिरायचं. जो जसा वागेल तसं पुढे घडतं.

पाचांनी ठरवलं, खेळ मिळून घ्यायचा. चष्मेवाल्याकडे कॉम्प्युटर होता, पण त्यात जादाचं एक कार्ड बसवल्याशिवाय हा खेळ चालणार नव्हता. कार्ड आणि खेळाची खरी पेटी मिळून अडीच हजार. नकली सीडीवर चष्मेवाला तयार नव्हता. प्रत्येकाने घरून पाचशे आणले. खोलीवर ठेवले तर उडतील, म्हणून उंच मुलाने ते पाकीट खिडकीतून आत दिलं.

"काकीजी, ही अमानत. खेळाची तारीख लागली की मागू."

मी मान हलवली. डाळीच्या रिकाम्या डब्यात पाकीट ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पाचम, आठम, चौदस या पाळायच्या तिथींच्या खुणा करते. चष्मेवाल्याने विचारून त्याच कॅलेंडरवर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लाल गोल काढला.

मग पर्युषण आले, आमचं उपास-व्रतांचं पर्व. आठ दिवस हिरवी भाजी नाही. "काकू, मुगाला आता पोटात मोड याया लागलं," असं लोणीचा म्हणाला, तो पाचवा दिवस. त्याच दिवशी मंदिरात महावीरांच्या जन्माचं वाचन असतं. देवाच्या आईला पडलेली चौदा स्वप्नं चांदीची करून वरून खाली सोडतात, आणि प्रत्येकाला हार घालण्याचा मान बोली लावून देतात. बोली तुपाच्या मणात बोलायची जुनी रीत आहे. तूप कोणी आणत नाही. एका मणाचे ठरलेले रुपये असतात, तेवढे भरायचे.

लहानपणी जुन्नरच्या मंदिरात मी आईच्या मांडीशी बसून हे बघायचे. आईला चंद्राचं स्वप्न आवडायचं. दर वर्षी ती मनातल्या मनात हिशेब करायची आणि दर वर्षी गप्प राहायची. आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती.

खाणावळीच्या पैशातून दोन वर्षांत माझे स्वतःचे सव्वीसशे रुपये साठले होते. माझे म्हणावेत असे पहिलेच.

चंद्र खाली आला. बोली नऊशे मणांवर अडली. पुकारणारे काका म्हणत होते, "नऊशे मण, एक वार. नऊशे मण, दोन वार." माझ्या डोक्यात जुन्नरचा हिशेब चालू होता. मण अडीच रुपयांचा. नऊशे म्हणजे साडेबावीसशे. हजार झाले तरी अडीच हजार. माझ्याकडे सव्वीसशे आहेत. आजवर कुठलीच गोष्ट माझ्या हिशेबात बसली नव्हती, ही बसत होती.

"हजार एक."

आवाज बारीक आला, पण आला. आजूबाजूच्या बायकांनी मागे वळून बघितलं. पुकारणाऱ्यांनी विचारलं, "कोण बोललं?" शेजारच्या बाईने माझ्याकडे बोट केलं. पुरुषांच्या बाजूला हे बसले होते, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पुढे कोणी बोललं नाही. तीन वार झाले. मी उठून चंद्राला हार घातला. हार पहिल्यांदा दोरीतच अडकला.

बाहेर ओट्यावर हिशेब लिहिणाऱ्यांनी पावती केली. "हजार एक मण. पाच हजार पाच रुपये, वहिनी."

मी पावती पुन्हा वाचली.

"इथे मण पाचाचा. जुन्नरला कितीचा असतो?"

"अडीचचा," असं मी म्हटलं की नुसते ओठ हलले, सांगता येत नाही. मागून हे आले. "तुझ्या साठवणीतून भरशील ना? खाणावळ तुझी, पुण्य तुझं," असं हसून म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. चार माणसांत त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हो म्हणायला मान पुरते. तशीच सवय होती.

बोलीचे पैसे थकवायचे नसतात. ते देवाचे झाले, घरात ठेवले तर दोष लागतो. पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी, त्याच्या आत भरायचे होते, म्हणजे तीन दिवसांत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे सव्वीसशे काढले. मग डाळीचा डबा उघडला. पाकिटातून दोन हजार चारशे पाच रुपये मोजून घेतले. पंच्याण्णव उरले, ते परत ठेवून झाकण घट्ट लावलं. देवाचं देणं फेडायला मी माणसांची अमानत फोडली. ह्यांना सांगितलं असतं तर गल्ल्यातून दिले असते. पण मग ती बोली माझी राहिली नसती, आणि लोकांत झालेलं कौतुकही खोटं ठरलं असतं. असा विचार तेव्हा केला. खरं तर लाज वाटली, बस.

संवत्सरीला आम्ही सगळ्यांची माफी मागतो. पारण्याच्या दिवशी मुलं आली तेव्हा मी खिडकीत उभी राहून हात जोडले आणि म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्."

उंच मुलाने उठून हात जोडले, तेच म्हटलं. लोणीचा बघत राहिला. "आता ह्ये काय?"

"वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावलं असेल तर त्याची माफी."

"काकू, तुमी आमाला काय दुखावणार? आठ दिस मूग खाऊ घातलं, त्येवढं सोडलं तर."

सगळे हसले. मी आत आले. माफी मागून झाली होती आणि कशाची ते बोलले नव्हते. अशी माफी पोचत नाही, हे मला चौथीच्याही आधीपासून माहीत होतं.

तेव्हापासून मी त्यांचं बोलणं वेगळ्याच कानांनी ऐकायला लागले. पूर्वी मजा वाटायची. आता दिवाळीचा लाल गोल स्वयंपाक करताना पाठीवर असायचा. महिन्याला फार तर तीनशे मागे पडायचे. दिवाळीपर्यंत दोन महिने. चष्मेवाला मासिक उघडून म्हणायचा, "या वेळी दुसऱ्याने लिहिलंय, याला आठ तास दिले होते. घोडा आता अडकत नाही." मुलं खूश व्हायची आणि माझ्या हातातला फुलका तव्यावर जळायचा. लोणीचा म्हणायचा, "बगा, दिवाळीला येतोय का!" तेव्हा वाटायचं, याच्या तोंडात साखर पडो.

एकदा आपले-आपले माणूस कसे करणार यावर बोलणं चाललं होतं. उंच मुलगा वैद्य होणार होता, लोणीचा ढाल-तलवारवाला. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी खिडकीतून विचारलं, "त्यात न बोलणारा माणूस होता येतं का?"

पाचही जणांचे हात ताटात थांबले. मी आपणहून काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

चष्मेवाला तर फुलूनच गेला. "येतं की, काकू! बोलण्याचे गुण अगदी कमी ठेवायचे आणि ते सगळे लपण्यात टाकायचे. कोणाच्या लक्षात न येता घरात शिरायचं, हवं ते उचलायचं. फार भारी माणूस होतो तो."

"त्याला काय म्हणतात?"

"चोर," तो म्हणाला.

मी खिडकीतून मागे झाले. त्यांना वाटलं दूध उतू चाललं असेल.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी चष्मेवाला सायबर कॅफेतून छापलेला कागद घेऊन आला आणि पडवीत पायरीवरच बसला. जेवायला येईना.

"काय रं, कोण गेलं?" लोणीच्याने विचारलं.

"पुढे ढकलला. मार्चवर गेला."

"म्हनलो व्हतो! कांदा बराखीत दाबून ठेवल्यावानी करत्यात ह्ये लोक. भाव येऊ दे, भाव येऊ दे म्हंत्यात, तवर खालचा थर नासतो."

"तसं नाही. कच्चा काढण्यापेक्षा उशिरा काढलेला बरा."

"मंग आदी तारीख कशापायी दिली? आमचा बाप न्हाई सांगत कुनाला, अमक्या दिशी कांदा काढणार म्हणून."

"काकूंसमोर कांदा-कांदा करू नको रे," उंच मुलगा म्हणाला.

ते तिकडे भांडत होते आणि मी इकडे कढई चढवली. हातांनी आपोआप रवा घेतला, तूप घेतलं, वेलदोडा कुटला. मार्च! पाच महिने मिळाले. शिरा केला आणि प्रत्येकाला वाटीभर दिला. चष्मेवाल्याने वाटी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काकू, तुम्हालाच कळलं बघा," म्हणाला. मला कळलं ते वेगळंच होतं. त्या रात्रभर मला त्या शिऱ्याची शरम वाटत राहिली. दुसऱ्याच्या हिरमोडावर मी गोड केलं होतं.

दिवाळीत मुलं महिनाभर घरी गेली, तेवढी साठवण बुडाली. नंतर मी खाखरे लाटून दुकानात ठेवायला लागले. लोणीच्या मुलाने एक पाकीट घरी नेलं आणि येऊन सांगितलं, "आय म्हणती, वाळलेली चपाती पैसं दिऊन आणली व्हय? पर समदं तिनंच खाल्लं." हे म्हणाले, "खाखऱ्याचा उद्योग बरा काढलास." कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. माघ लागला तोवर डब्यात मी दीड हजार परत टाकले होते. नऊशे पाच राहिले. मार्चअखेर होतील, असा माझा अंदाज.

आणि एक दिवस चष्मेवाला धावतच आला. "गोल्ड झाला! गोल्ड झाला!"

गोल्ड म्हणजे खेळ पुरा होऊन डिस्क छापायला गेली, आता तारीख बदलत नाही, असं उंच मुलाने मला खिडकीशी येऊन समजावलं. मी विचारल्याशिवाय ते मला आता सगळं समजावून सांगायचे.

"मुंबईच्या दुकानात आधी पैसे भरले तर पेटीत कापडाचा नकाशा मिळणार," चष्मेवाला म्हणाला. "माझा मामा शनिवारी जाणार आहे. कार्डही तिथूनच आणेल. काकू, आमची अमानत काढा."

"उद्या देते," मी म्हटलं.

गल्ला दुकानातच होता, हे दुपारी झोपतात, किल्ली खुंटीला. उद्यापर्यंत कोणाला काही न कळता नऊशे पाच डब्यात आले असते. मी किल्लीकडे बघितलं, हे खरं आहे. मग वाटलं, एकदा लपून केलं ते झाकायला पुन्हा लपून करायचं, आणि मग तिसऱ्यांदा. किल्ली खुंटीलाच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी ताटं वाढून झाल्यावर मी खिडकीतून नाही, दारातून पडवीत आले. पाच मुलांसमोर कधी उभी राहिले नव्हते. डबा त्यांच्या मध्ये ठेवला आणि खाली बघून सांगितलं. बोली, चंद्र, अडीचचा मण आणि पाचाचा मण, संवत्सरीच्या आधी काढलेले पैसे, परत टाकलेले पैसे. "नऊशे पाच कमी आहेत. तुम्हाला न विचारता घेतले. तुमच्या शनिवारपर्यंत होणार नाहीत."

उंच मुलगा आधी म्हणाला, "काकीजी, असू द्या. देवाच्या चढाव्यात गेले, त्यात आमचाही भाग आला."

"म्हणजे पुण्य मिळालं आणि नकाशा गेला," चष्मेवाला म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. "दिवाळीच्या आधी घेतले होते तुम्ही?"

"हो."

"मग पुढे ढकलल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही जो शिरा केला, तो..."

"हो," मी म्हटलं. "मला आनंद झाला होता."

लोणीच्याला हसू आवरेना. तो तोंडावर हात धरून गदगद हलत होता. "आरं तिच्या! आन् ह्यो रडला व्हता वाटी धरून!" बाकीचे दोघेही हसले, ज्यांचा आवाज मी तोवर धड ऐकला नव्हता. चष्मेवाला हसला नाही. ताट तसंच ठेवून उठला. जाताना म्हणाला, "पैशाचं काही नाही, काकू. आधी सांगितलं असतं तर मामाला द्यायला आम्ही दुसरीकडून जमवले असते. तुम्ही आमच्याबरोबर सगळं ऐकत होता, आणि गप्प होता." त्याचं बरोबर होतं.

लोणीच्याचा आवाज दुकानापर्यंत गेलेला. संध्याकाळी ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मण कितीचा ते आधी विचारायचं असतं गं." गल्ल्यातून नोटा काढून पुढे केल्या. मी नको म्हटलं. तोंडाने म्हटलं. त्यांनी नोटा परत ठेवल्या आणि जास्तीचं पीठ खाखऱ्यांसाठी स्वतः चाळून दिलं.

चष्मेवाला तीन दिवस आला नाही. त्याचं ताट मी रोज वाढून ठेवायचे आणि सूर्य मावळायच्या वेळी झाकून लोणीच्याकडे द्यायचे. "खातो का?" विचारलं तर म्हणायचा, "खातंय की, फुगून बसलंय तरी खातंय." चौथ्या दिवशी तो आला. खिडकीवर दोन बोटं वाजली तेव्हा मला बरं वाटलं.

शनिवार गेला. नकाशा गेला. पुढच्या महिन्यात खेळ बाजारात आला आणि आठवडाभरात छापलेल्या कागदांची चळत पडवीत आली. कोणाचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, कोणाचा खेळलेला खेळ पुसला जातो. ज्यांनी प्रिव्ह्यूत वाहवा केली होती तेच आता सावरून लिहीत होते.

"दुरुस्तीची फाइल दीड महिन्याने येणार म्हणे," चष्मेवाला म्हणाला. "तोवर घेऊन उपयोग नाही."

"मंग काकूंनी वाचवलंच की आपल्याला," लोणीचा म्हणाला.

"वाचवलं-बिचवलं काही नाही. नकाशा तर गेलाच," चष्मेवाला म्हणाला. पण या वेळी तो थोडा हसला.

मी काही मला सूट मिळाली असं धरलं नाही. त्यांना थांबायचं होतं ते त्यांच्या कारणाने, मला द्यायचे होते ते माझ्या. फाल्गुनात चारशे टाकले. त्या महिन्यात लग्नसराईची खाखऱ्यांची एक मोठी ऑर्डर आली, दोन दिवस कंबर सरळ झाली नाही. परीक्षेच्या आधी मुलं घरी जाणार होती, त्याच्या आत करायचं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी जेवणं झाल्यावर मी पडवीत गेले आणि पाकीट चष्मेवाल्याच्या हातात दिलं. तो ते तसंच खिशात घालायला लागला.

"मोजून घे," मी म्हटलं.

"असू द्या, काकू. बरोबरच असतील."

"आमच्या घरात न मोजता घेत नाहीत. मी इथेच उभी आहे."

तो मांडी घालून बसला. बाकीचे चौघे भोवती जमले. शंभराच्या नोटा त्याने एकीकडे लावल्या, पन्नासच्या दुसरीकडे. दहाच्या नोटा बऱ्याच होत्या, खाखऱ्यांच्या. त्या मोजायला वेळ लागला, मध्ये लोणीच्याने बोलून त्याला चुकवलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. शेवटी त्याने वर बघितलं.

"अडीच हजार. पूर्ण आहेत."